सांडशीचा पक्षी होताना: वस्तूचं रूपांतर सहा चौकटींत कसं काढायचं

वस्तूचं रूपांतर हा सराव चित्रकला शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाने कधी ना कधी केलेला असतो. घरातली एक वस्तू घ्यायची, पहिल्या चौकटीत ती जशीच्या तशी काढायची, शेवटच्या चौकटीत तिचं भलतंच काहीतरी झालेलं असतं आणि मधल्या चौकटींत ती हळूहळू बदलत जाते. डिझाइनच्या एन्ट्रन्सची तयारी करणारे करतात, चित्रकलेच्या फाउंडेशन कोर्सची पोरं करतात, आणि नुसती हौस म्हणून करणारेही आहेत. मी शनिवार-रविवारी घरी ड्रॉइंगचा क्लास घेते आणि प्रत्येक बॅचला तेच बघते: पहिल्या चार चौकटी सांडशीच्या, पाचवीत सांडशीला डोळा फुटलेला, सहावीत एकदम मगर. मधे काय झालं ते कोणालाच कळत नाही, काढणाऱ्यालासुद्धा.

बरं, यातली निम्मी पोरं हाताने चांगली असतात. त्यांचं बिघडतं ते क्रमात. चौकटी एक, दोन, तीन, चार अशा ओळीने काढत गेलं की हे होणारच, कारण तिसरी काढताना पाचवीत काय आहे ते डोक्यात नसतं आणि पाचवीला पोचेपर्यंत जागा संपलेली असते. म्हणून खालचा क्रम जरा उलटासुलटा वाटेल पण तो तसाच पाळा. मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलंय, सांडशीपासून चित्रबलाक पक्ष्यापर्यंत, म्हणजे करकोच्याच्या जातीचा लांब चोचीचा पाणपक्षी. तुमची वस्तू वेगळी घ्या, क्रम हाच ठेवा. एकूण सव्वातीन-साडेतीन तास लागतात, एका बैठकीत नाही जमलं तर पायरी ५ नंतर थांबा, मधेच कुठेतरी नको.

## सामान आणि कागदाची आखणी

ए-थ्री कार्ट्रिज पेपर एक, बटर पेपरचे चार-पाच तुकडे, २एच, एचबी आणि ४बी पेन्सिल, खोडरबर, पट्टी, मास्किंग टेप. रफ कामासाठी पाठकोरे कागद भरपूर. मोबाइल लागेल तो फक्त टॉर्चसाठी, रेफरन्स शोधायला इतक्यात उघडू नका, का ते पुढे सांगते.

कागद आडवा धरा, म्हणजे ४२ सेंमी रुंद आणि २९.७ सेंमी उंच. १२ बाय १२ सेंमीच्या सहा चौकटी, वर तीन, खाली तीन. डावीउजवीकडे दीड-दीड सेंमी मार्जिन, चौकटींमधे दीड सेंमी गॅप, आणि वर दीड सेंमी. हिशेब बरोबर ४२ला बसतो, खाली २.७ सेंमी उरतात तिथे नाव-तारीख. २एचने अगदी हलक्या रेघा मारा.

आता प्रत्येक चौकटीत एक टिंब द्या, डाव्या कडेपासून ५ सेंमी आणि खालच्या कडेपासून ७ सेंमी. याला मी खुंटी म्हणते. सांडशीचा मधला खिळा, म्हणजे रिव्हेट, सहाही चौकटींत याच टिंबावर येणार आहे. तुमच्या वस्तूला रिव्हेट नसेल तर दुसरी एखादी न हलणारी जागा धरा: कपाच्या कानाचा वरचा जोड, नळाच्या तोटीचा आटा, कुलपाची चावीची फट.

थांबा: खुंटी न देता पुढे जाऊ नका. खुंटी नसली की वस्तू प्रत्येक चौकटीत थोडी सरकते, थोडी फुगते, आणि बघणाऱ्याला बदल दिसण्याऐवजी ती वस्तू कागदभर भटकतेय असं वाटतं.

## पायरी १: वस्तू निवडणं

इथेच अर्धी लढाई असते आणि इथेच लोक सगळ्यात कमी वेळ देतात. समोर आहे म्हणून मोबाइल, पाण्याची बाटली, पेन, पुस्तक उचलतात. या वस्तू गुळगुळीत आणि सरळ, त्यांना ना सांधा ना वळण, मग त्यातून काही निघत नाही आणि शेवटी बाटलीला हातपाय चिकटवले जातात. दुसऱ्या टोकाला शिलाई मशीन, मिक्सर, सायकल. त्यात इतके भाग की पहिली चौकट काढण्यातच जीव जातो.

स्वयंपाकघर आणि हत्यारांचा डबा उघडा. सांडशी, अडकित्ता, विळी, पक्कड, झारा, किसणी, चहाची गाळणी, कुलूप, नळाची तोटी, केस विंचरायचा कंगवा, कपड्यांचा चिमटा, छत्री. यांतल्या बहुतेकांना दोनतीन वेगवेगळे भाग आहेत, कडेची रेघ बोलकी आहे आणि काहींना उघडमीट आहे. उघडमीट होणारी वस्तू पहिल्यांदा करणाऱ्याला सगळ्यात सोपी जाते कारण तिच्यात हालचाल आधीच आहे.

विळी किंवा अडकित्ता घेतलात तर लहान मुलांच्या हातात देऊन फिरवायला लावू नका, टेबलावर ठेवूनच बघा. आणि छत्री घेणार असाल तर एकच सांगते, मी शिकत असताना मोठ्या ऐटीत छत्रीचं वटवाघूळ केलं होतं, सबमिशनच्या दिवशी भिंतीवर लावायला गेले तर आधीच सात वटवाघळं लटकत होती.

मी घेतलेली सांडशी जुनी लोखंडी आहे, वीसेक सेंमी लांब, दांडे लांब आणि सरळ, जबडे आखूड आणि कंसासारखे बाहेर वाकलेले. हल्लीची पत्र्याची चपट्या तोंडाची पक्कड वेगळी दिसते, तीही चालेल पण तिची जुळणी वेगळी येईल.

तपासा: वस्तू खिडकीसमोर धरा, डोळे बारीक करा, नुसता काळा आकार दिसेल असं. तेवढ्यावरून घरातल्या कोणालाही ती ओळखता आली पाहिजे. नाही आली तर दुसरी घ्या.

## पायरी २: अर्धा तास फक्त बघणं

अर्धा तास म्हणजे अर्धा तास, घड्याळ लावून. वस्तू हातात घ्या, उघडा, मिटा, वजन कुठे झुकतं ते बघा. मग पाठकोऱ्या कागदावर तीन बाजूंनी काढा: बाजूने, समोरून, वरून. छान काढायचं नाही, समजून घ्यायचंय.

सावलीही काढा. कागद भिंतीला चिकटवा, वस्तू कागदाच्या अगदी जवळ धरा आणि टॉर्च लांब, निदान हातभर तरी, दुसऱ्या कोणाला धरायला सांगा. टॉर्च जवळ आणि वस्तू कागदापासून लांब असं उलटं केलंत तर सावली फुगते आणि कडा पसरतात, तिचा उपयोग नाही. सावलीची कडेची रेघ गिरवून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सांडशीतली एक गोष्ट जवळून बघा, कारण दहातले आठजण ही चुकवतात. वरचा दांडा रिव्हेटपाशी येतो, खालच्याला ओलांडून पलीकडे जातो आणि तिथे तो *खालचा* जबडा होतो. खालचा दांडा वरचा जबडा होतो. म्हणजे कात्रीसारखी फुली आहे. पण पोरं काय काढतात, वरचा दांडा सरळ वरच्या जबड्यात आणि खालचा खालच्यात, जणू दोन पट्ट्या एकमेकींना टेकवून मधे खिळा ठोकलाय. अशी सांडशी दाबली की पकडणारच नाही, उलटी उघडेल. ही फुली नुसती तपशिलाची गोष्ट नाही, पुढे सातव्या पायरीला सगळा खेळ हिच्यावरच येतो.

तुमच्या वस्तूतही अशी एखादी जागा असतेच जी आपण रोज वापरतो पण बघितलेली नसते. ती सापडेपर्यंत ही पायरी संपली असं समजू नका.

## पायरी ३: भागांची यादी आणि कामांची यादी

कागदाच्या मधे एक उभी रेघ मारा. डावीकडे भाग लिहा: वरचा दांडा, खालचा दांडा, रिव्हेट, वरचा जबडा, खालचा जबडा. आणि सहावा भाग, जो सगळे विसरतात, जबड्यांमधली रिकामी जागा. ती पण एक आकार आहे, बदामासारखी, आणि बऱ्याचदा तीच सगळ्यात उपयोगी पडते.

उजवीकडे ती वस्तू काय काय *करते* ते लिहा. नामं नकोत, क्रियापदं. पकडते, चावते, उघडते, वाकून उचलते, गरम सहन करते, खुंटीवर लटकते, अर्धवट उघडी राहते. सात-आठ तरी व्हायला पाहिजेत. पहिली तीन पटकन येतात, बाकीची आठवायला ती प्रत्यक्ष वापरून बघावी लागते, तर चहाचं भांडं उतरवून बघा की.

## पायरी ४: फिरवून बघणं

अजूनही काय बनवायचं ते ठरवायचं नाहीये. "मला मोर करायचाय" असं ठरवून सांडशीकडे बघितलं की मग सांडशीवर मोर लादला जातो.

काडेपेटीएवढ्या बारा छोट्या चौकटी आखा. वस्तू चार दिशांना ठेवायची: दांडे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक दिशेला तीन स्थिती: बंद, अर्धी उघडी, पूर्ण उघडी. झाली बारा. प्रत्येकीला एक मिनिट, फक्त आतून काळा भरलेला आकार. मग प्रत्येकीखाली जे पहिलं सुचेल ते लिहा, दोन सुचले तर दोन. लाज वाटेल असंही लिहा.

नुसतं फिरवण्यात किती ताकद असते याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे पिकासोने १९४२ साली केलेलं बैलाचं डोकं. सायकलची एक सीट, एक हँडल, बस. सीट उभी धरून टोक खाली केलं की तोंड झालं, हँडल वर लावलं की शिंगं. बाकी काही चिकटवलेलं नाही. आपल्या सांडशीच्या बारा चित्रांतही दांडे वर असलेलं एक चित्र खिल्लार बैलासारखं दिसतंच, माझ्या क्लासला दरवेळी कोणीतरी ते पकडतं.

थांबा: यादीतली पहिली दोन उत्तरं खोडून टाका. सांडशीला ती नेहमी मगर आणि खेकडा असतात. वाईट आहेत म्हणून नाही, तर ती शेजारच्यानेही लिहिलेली असतात, आणि जे फार लवकर सुचतं त्यात बघायचं काही उरलेलं नसतं.

## पायरी ५: लक्ष्य ठरवणं, जुळणीचा तक्ता

आता उरलेल्यांतून दोनतीन निवडा आणि प्रत्येकाचा जुळणीचा तक्ता करा, वस्तूचा कुठला भाग कशात जाणार. माझा नियम साधा आहे: कमीत कमी चार भाग जुळले पाहिजेत, जास्तीत जास्त एक भाग नवा जोडायचा, आणि कामांच्या यादीतलं एक तरी क्रियापद दोघांत सारखं पाहिजे.

मगर घेऊन बघा. दांडे जबडे झाले, रिव्हेट जबड्याचा सांधा झाला, मग पुढे? धड, चार पाय, शेपूट सगळं बाहेरून आणायचं. खेकड्याच्या नांगीचं तर अजूनच वाईट, नांगी छान जुळते पण खेकडा राहतो बाजूला. खिल्लार बैल: दांडे शिंगं, रिव्हेट कपाळ, जबडे म्हणजे तोंडाच्या दोन बाजू, रिकामी जागा म्हणजे तोंडाचा मधला भाग. आकार सुंदर जुळतो पण क्रियापद एकही नाही. हा राखून ठेवा, वाईट नाहीये.

चित्रबलाक माझ्या यादीत आला तो "अर्धवट उघडी राहते" या ओळीमुळे. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात बघितलेला आठवला. हा पक्षी उथळ पाण्यात चालताना लांब चोच अर्धी उघडी ठेवून पाण्यात बुडवतो आणि मान डावीउजवीकडे फिरवत राहतो, मासा चोचीला लागला की खटकन मिटतो. म्हणजे तो बघून नाही पकडत, स्पर्शाने पकडतो. आपण सांडशीने कढईची कड चाचपत पकडतो ना, अगदी तसंच.

तक्ता असा झाला:

- वरचा दांडा: चोचीची वरची बाजू
- खालचा दांडा: चोचीची खालची बाजू
- रिव्हेट: चोचीचा कोपरा, जिथे दोन्ही भाग मिळतात
- वरचा जबडा: डोक्याचा वरचा भाग आणि मागची उतरण
- खालचा जबडा: गळा
- रिकामी जागा: चेहरा
- नवा भाग: मानेचा खालचा तुकडा, एवढाच

सहा जुळले, एक नवा. क्रियापदं दोन जुळली, पकडणं आणि अर्धवट उघडं राहणं.

सगळ्यात मोठा मोह इथे येतो, रिव्हेटचा डोळा करायचा. गोल आहे, योग्य जागी आहे, हात शिवशिवतो. करू नका. चोच जिथून उघडते तिथे डोळा नसतो, तो त्याच्या मागे आणि किंचित वर असतो. रिव्हेटला डोळा केलंत की चोच डोळ्यातून उघडते आणि पक्षी कार्टून होतो.

तपासा: तक्ता कोणाला तरी वाचून दाखवा, चित्र न दाखवता. "हां, होईल की" असं आलं तर पुढे जा. "अं... बरं" असं आलं तर बैलाकडे परत या.

आता मोबाइल उघडा आणि पक्ष्याचे फोटो बघा, निदान चार वेगळ्या कोनांतले. आधी उघडला असतात तर एक झकास फोटो सापडला असता आणि तुम्ही सांडशी सोडून त्या फोटोची कॉपी केली असती.

## पायरी ६: पहिली आणि शेवटची चौकट

पहिली चौकट: सांडशी बाजूने, दांडे उजवीकडे, किंचित खाली झुकलेले, अगदी थोडी उघडी. वीस सेंमीची वस्तू निम्म्या मापात घेतली की १० सेंमी होते, चौकटीत दोन्हीकडे श्वास घ्यायला जागा राहते. रिव्हेट खुंटीवर. एचबीने नीट, मापात, फुली बरोबर. इथे कल्पनाशक्ती अजिबात नको. पहिली चौकट कोरडी आणि खरी असेल तरच शेवटचीला धक्का असतो. पहिलीतच दांड्यांना लाडिक बाक देणारे असतात, त्यांना मी खोडायला लावते.

लगेच सहावी काढा. हो, दुसरी नाही, सहावी. चोचीचा कोपरा खुंटीवर, चोच उजवीकडे खाली आणि अर्धी उघडी, टोकाला हलका खालचा बाक कारण चित्रबलाकाची चोच टोकाकडे वाकलेली असते. डोकं डावीकडे, त्यामागून मान वळून खाली उतरते आणि चौकटीच्या खालच्या कडेला कापली जाते. पूर्ण पक्षी काढायचा नाही. पाय, पंख, पाणी, कमळ यातलं काही काढलंत तर तक्त्यातला "एक नवा भाग" हा नियम मोडला.

डोळा काढू नका. डोळ्याची जागा रिकामी ठेवा.

तपासा: दोन्ही चौकटींत वस्तूचा पसारा सारखाच आहे ना? चोचीची लांबी दांड्यांच्या लांबीइतकी आहे ना? पक्षी मोठा झाला असेल तर आत्ताच लहान करा, नंतर मधल्या चौकटी फुग्यासारख्या फुगत जातील.

## पायरी ७: मधला आकार शोधणं

हीच ती पायरी जी लोक करतच नाहीत, आणि सगळं काम हीच करते.

पहिल्या चौकटीवर बटर पेपर ठेवून सांडशी गिरवा, खुंटीसकट. दुसऱ्या तुकड्यावर सहावीतला पक्षी गिरवा, खुंटीसकट. दोन्हीवर जुळणाऱ्या जागांना सारखे आकडे द्या: वरच्या दांड्याचं टोक १, चोचीचं वरचं टोकही १. खालचं टोक २, रिव्हेट ३, वरच्या जबड्याचा फुगीर भाग ४ आणि पक्ष्याची टाळू ४, असं आठ जागांना. मग दोन्ही तुकडे खुंटीवर खुंटी ठेवून टेपने चिकटवा, वर तिसरा कोरा तुकडा, आणि खिडकीच्या काचेवर लावा. १ आणि १ च्या बरोबर मधे टिंब, २ आणि २ च्या मधे टिंब. आठ टिंबं झाली की ती जोडत आकार काढा.

थांबा: जवळची रेघ जवळच्या रेघेला जोडायची नाही, आकड्याला आकडा जोडायचा. दांड्याची रेघ पक्ष्याच्या गळ्याजवळून जात असली तरी तिचा गळ्याशी संबंध नाही.

जो आकार निघेल तो कुरूप असेल. अर्धा लोखंड अर्धा पक्षी, मान कुठेतरी सुरू होऊन थांबलेली. असाच असायला हवा, देखणा करत बसू नका. पण एक प्रश्न मात्र इथेच सोडवावा लागतो आणि तो म्हणजे ती फुली. सांडशीत वरचा दांडा खालच्या जबड्यात जातो, पक्ष्यात वरची चोच सरळ टाळूला मिळते. मधे कुठेतरी ही फुली सुटली पाहिजे, आणि आठ टिंबांनी ती सुटत नाही. मी बरेच प्रकार करून बघितले, नुसती पुसून टाकली तर लगेच दिसतं की काहीतरी गायब झालं. सगळ्यात बरा उपाय म्हणजे रिव्हेटभोवती कातडीची घडी आणायची, चोचीच्या कोपऱ्याला जशी चामड्याची सुरकुती असते तशी. आधी रिव्हेटचं डोकं थोडं चपटं होतं, मग त्याची कड कातडीत मिसळते, आणि ओलांडणाऱ्या दोन पट्ट्या त्या घडीखाली जातात. झाकल्या गेल्या की बघणारा विचारत नाही खाली काय होतं.

तुमच्या वस्तूतही असा एक भाग निघेल जो दोन्हीकडे बसत नाही. त्याला झाकायला काय वापरायचं ते इथेच ठरवा: घडी, सावली, केस, पिसं, काहीही, पण त्या प्राण्यात मुळात असलेलं.

## पायरी ८: उरलेल्या चार चौकटी

सहा चौकटींना नेमकी मधली चौकट नसते, मधला आकार तिसरी आणि चौथीच्या मधल्या गॅपमधे पडतो. म्हणून बटर पेपरवरचा मधला आकार हा मोजमापासाठी. क्रम असा: आधी तिसरी, मधल्या आकारापेक्षा जरा सांडशीकडे झुकलेली. मग चौथी, मधल्या आकारापेक्षा जरा पक्ष्याकडे. मग दुसरी आणि पाचवी.

पण सगळं एकाच वेगाने बदलायचं नाही, नाहीतर सहाही चौकटी कॉम्प्युटरने काढल्यासारख्या दिसतात. पवित्रा सगळ्यात आधी बदलतो, मग कडेची रेघ, मग सांधे, आणि पोत सगळ्यात शेवटी.

दुसरी चौकट: शंभर टक्के लोखंड. फक्त दांडे अर्धे उघडलेत आणि चोच जशी पाण्याकडे झुकेल तसे खाली झुकलेत. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की कोणीतरी सांडशी हलवली, एवढंच.

तिसरी: दांड्यांची टोकं निमुळती, हलका बाक आलाय. जबड्यांमधली रिकामी जागा कडेने थोडी भरायला लागली. फुली अजून दिसतेय.

चौथी: रिकामी जागा बुजली, चेहरा झाला. खालचा जबडा लांबून खाली उतरायला लागला. रिव्हेट घडीखाली निम्मा गेलाय. लोखंडाची चमक मात्र अजून दांड्यांवर आहे. ही चौकट सगळ्यात जास्त वेळ घेते, घेऊ द्या.

पाचवी: मान आली, टाळूची रेघ सलग झाली, चमक फक्त चोचीच्या टोकाला उरली.

तपासा: सहाही आकार चिठ्ठ्यांवर नुसते काळे भरून काढा, आकडे न घालता, आणि घरातल्या एखाद्याला क्रमाने लावायला द्या. दोन चिठ्ठ्यांत तो घोटाळला तर त्या दोघींत फरक कमी पडलाय. कुठेतरी "ही कुठून आली?" म्हणाला तर तिच्या आधी उडी आहे. माझी आई या कामात फार कडक आहे, तिला चित्रकलेतलं काही कळत नाही म्हणते आणि दरवेळी बरोबर चौथीवर बोट ठेवते.

## पायरी ९: छटा आणि पोत

उजेड सहाही चौकटींत एकाच बाजूने. डावीकडून वरून ठरवलं तर सगळीकडे तेच. पहिल्या तीन चौकटींत लोखंड आहे: गडद आणि उजळ एकमेकांना खेटून, कडा धारदार, मधे हळुवार उतार नको. चौथीपासून उतार मऊ करत जा. पिसांचा पोत फक्त पाचवी आणि सहावीत, तोही मानेच्या कडेला तुटक रेघांनी, आतून एकेक पीस काढत बसू नका. चित्रबलाकाचा चेहरा उघडा असतो, तिथे पिसं नसतात, म्हणून रिकाम्या जागेतून झालेला भाग गुळगुळीतच ठेवा.

४बी सगळ्यात शेवटी, फक्त सावलीत. हाताखाली कोरा कागद ठेवा, नाहीतर वरच्या तीन चौकटी पुसून खालच्या तिघींत जातील. रंग भरू का असं विचारतात. पहिल्या वेळी नको, पिवळी चोच आणि केशरी-तांबडा चेहरा आला की लोक आकार बघतच नाहीत.

## पायरी १०: डोळा

पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी शेवटी आणि सगळ्यात तयार हाताने होते. आपणही तसंच करायचं. डोळा आला की बघणाऱ्याच्या मेंदूला प्राणी दिसतो आणि बाकीच्या चुका झाकल्या जातात, म्हणून पाचवीपर्यंत डोळा न काढता तो पक्षी वाटतो का, हे आधी बघायचं. वाटत असेल तर सहावीत, चोचीच्या कोपऱ्याच्या मागे आणि जरा वर, एक लहान गडद डोळा. वाटत नसेल तर डोळ्याने काही होणार नाही, चौथीकडे परत जा.

पाचवीत डोळ्याची नुसती खळगी, सावलीने. चौथीत काहीच नाही.

## झालंय पण काहीतरी चुकतंय, असं वाटत असेल तर

- वस्तू आणि प्राणी शेजारी शेजारी उभे दिसतात, एकमेकांतून आलेले वाटत नाहीत: खुंटी हलली आहे, किंवा सहावी चौकट फोटोवरून काढली आहे.
- पहिल्या चार सारख्याच दिसतात: पवित्रा दुसऱ्या चौकटीत बदलला नाही. तिसरी-चौथीला हात लावू नका, फक्त दुसरी पुन्हा काढा, बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं.
- मधल्या चौकटी नुसत्या धूसर आणि गिचमिड: पोत लवकर आणला. पुटी रबरने, म्हणजे मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने, पोत उचला आणि कडेची रेघ पुन्हा पक्की करा.
- सगळं बरोबर आहे पण कंटाळवाणं आहे: पायरी ४ मधलं पहिलंच उत्तर घेतलं असणार. यावर इलाज नाही, दुसरी वस्तू.

दुसऱ्या वेळी तीच वस्तू घेऊन दुसरं लक्ष्य करा, मी राखून ठेवायला सांगितलेला बैल आहेच. पहिल्या पाच पायऱ्यांचं सगळं काम तयार असतं, त्यामुळे दोन तासांत होतो. त्याचं क्रियापद जुळत नाही म्हटलं होतं ना, ते "वाकून उचलते" मधे कुठेतरी सापडेल असं मला वाटतं, जुवाखाली मान घालणारा बैल. अजून करून बघितलेलं नाही.

कागद गुंडाळू नका, पेन्सिल पसरते. वर बटर पेपर टाकून सपाट ठेवा. आणि सांडशीचे दांडे पेन्सिलच्या हातांनी काळे झालेले असतील, ते धुऊन जागेवर ठेवा, चहाच्या वेळेआधी.